मराठी वेबसाइट अपंग व्यक्तींना वापरता यावी यासाठी काय करावे

शाळा, वाचनालय, पतसंस्था यांच्या मराठी वेबसाइटवर अंध व्यक्ती बहुतेकदा मजकुरापाशीच अडते. तेव्हा रंग आणि बटणे नंतर, आधी मजकूर.

पायरी १ : मजकूर युनिकोडमध्ये आहे का?

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना ठरावीक संकेत देणारी प्रमाणित पद्धत. वेबसाइटवरची एखादी जुनी पीडीएफ उघडा. त्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठीऐवजी निरर्थक रोमन अक्षरे उमटली, तर ती फाइल कृतिदेवसारख्या किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली आहे. डोळ्यांना मराठी दिसते, पण फाइलमध्ये रोमन अक्षरे साठवलेली असतात आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, तीच वाचतो. कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि नंतर ओळन् ओळ वाचून काढा. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे यांत हमखास चुका राहतात. काहीच कॉपी होत नसेल, तर ती स्कॅन केलेली पाने आहेत. त्यांना ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणारे सॉफ्टवेअर, लागेल. टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मराठी ओळखते. दोन-तीन पानेच असतील तर सरळ पुन्हा टाइप करा.

सूचनेचा फोटो काढून तो वेबसाइटवर टाकायची सवयही सोडायला हवी. फोटोच्या ऑल्ट मजकुरात (चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो त्या वर्णनात) नुसते ‘सूचना’ लिहून भागत नाही. तारीख, वेळ, ठिकाण, शुल्क सगळे पानावर लिहा, मग फोटो हवा तर ठेवा. नक्षी, रेघा अशा केवळ सजावटीच्या चित्रांचा ऑल्ट मात्र मुद्दाम रिकामा ठेवावा. तो अजिबात दिलाच नाही, तर काही स्क्रीन रीडर चित्राच्या फाइलचे नाव वाचत बसतात.

पायरी २ : पानाची भाषा नोंदवा

एचटीएमएलच्या (पान ज्या खुणांनी लिहिलेले असते त्या भाषेच्या) पहिल्याच टॅगमध्ये, म्हणजे खुणेत, ‘लँग’ (lang) हा गुणधर्म असतो. मराठीसाठी त्याचा कोड ‘एमआर’ (mr). तयार थीम घेतली की तिथे बहुधा इंग्रजीचा कोड राहून जातो, आणि मग स्क्रीन रीडरचा इंग्रजी आवाज देवनागरी मजकूर गाळतो किंवा सुटी अक्षरे उच्चारतो. हिंदीचा कोड असला तर घोटाळा लवकर लक्षात येत नाही : शब्द कळतात, पण २५ चे ‘पच्चीस’ होते. मधे इंग्रजी परिच्छेद असेल तर तेवढ्यापुरता इंग्रजीचा कोड द्या.

पायरी ३ : माउस बाजूला ठेवा

फक्त टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस आणि एस्केप वापरून मुखपृष्ठापासून अर्ज भरेपर्यंत जाऊन पाहा. दोन दोष जवळजवळ नेहमी सापडतात. माउस वर नेल्यावरच उघडणारा मेनू कीबोर्डने उघडत नाही. आणि आपण कोणत्या दुव्यावर आहोत ते दाखवणारी चौकट डिझायनरने ‘बरी दिसत नाही’ म्हणून काढून टाकलेली असते. हात थरथरणाऱ्या किंवा माउस न धरता येणाऱ्या माणसासाठी ती चौकट अत्यावश्यक आहे. ती परत आणा, ठळक करा.

पायरी ४ : शीर्षके, दुवे, अर्ज

अक्षरे मोठी आणि जाड केल्याने शीर्षक होत नाही. शीर्षकाचाच टॅग द्या. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरणारे ‘एच’ दाबून एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जातात. दुव्यांची यादी ऐकताना दहा वेळा ‘इथे क्लिक करा’ आले तर त्यातून काही कळत नाही. ‘प्रवेश अर्ज, पीडीएफ, २ एमबी’ असे लिहा.

अर्जातल्या प्रत्येक रकान्याला लेबल, म्हणजे त्यात काय भरायचे ते सांगणारे नाव, जोडा. रकान्याच्या आतला फिकट मजकूर टाइप करताच नाहीसा होतो, त्यामुळे तो लेबलची जागा घेऊ शकत नाही. चूक नुसत्या लाल चौकटीने दाखवू नका. ‘मोबाइल क्रमांक १० अंकी हवा’ असे शब्दांत सांगा. देवनागरी अंकही स्वीकारा. चित्रातली अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा अंध माणसाला दारातच थांबवतो. तो काढाच.

पायरी ५ : रंग आणि अक्षरे

डब्ल्यूसीएजी २.२ या आंतरराष्ट्रीय निकषांच्या ‘एए’ पातळीनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदपणातला फरक) किमान ४.५ : १ हवा, मोठ्या अक्षरांचा ३ : १. आपल्याकडे आवडीने वापरल्या जाणाऱ्या भगव्या पट्टीवरची पांढरी अक्षरे सुमारे २ : १ वरच राहतात. तिथे अक्षरे काळी करा.

पान २०० टक्के मोठे करून पाहा. बटणाची उंची पक्की बांधलेली असेल तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. उंची मोकळी सोडा, ओळींतले अंतर १.६ च्या आसपास ठेवा. अक्षरांमधले अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते.

व्हिडिओला मराठी कॅप्शन द्या. आपोआप बनलेली असतील तर नावे आणि आकडे तपासूनच ठेवा.

पायरी ६ : चाचणी

वेव्ह किंवा लाइटहाउस ही वेबसाइटची सुगमता तपासणारी साधने चालवा, पण ऑल्ट आहे की नाही एवढेच ही साधने सांगतात, तो अर्थपूर्ण आहे का ते नाही. एनव्हीडीए विंडोजवर मोफत मिळते आणि त्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी आवाज आहे. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर वापरा. त्यानंतर रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तीला योग्य मानधन देऊन एक काम सांगा, उदाहरणार्थ ‘सभासदत्वाचा अर्ज भरा’, आणि मधे काहीही न सुचवता पाहत राहा. ती जिथे थांबेल तिथून दुरुस्तीला लागा. ‘एक ओळ टाका, साइट सुगम होईल’ म्हणून विकली जाणारी विजेट (साइटला जोडायची तयार साधने) घेऊ नका. वर सांगितलेले बहुतेक दोष त्यांनी दुरुस्त होत नाहीत.

शेवटी प्रत्येक पानाच्या तळाशी अडचण कळवण्यासाठी फोन नंबर आणि ईमेल दोन्ही द्या, आणि उत्तर कोण देणार तेही ठरवून ठेवा.