धूमकेतू किती तेजस्वी? तारे धूसर करून पाहा
पुण्याच्या उजेडातून बाहेर पडून पानशेतच्या बाजूला गेलात तर उत्तम. निघण्याआधी नासाच्या जेपीएल होरायझन्स या ग्रह-धूमकेतूंची स्थानं सांगणाऱ्या संकेतस्थळावरून धूमकेतूचं त्या रात्रीचं स्थान काढा, आणि ताज्या कक्षेवरूनच. उसळणाऱ्या वायूंच्या रेट्याने धूमकेतूची वाट किंचित सरकत असते.

बायनॉक्युलरमध्ये धूमकेतू नीट फोकस करा, त्याचा आकार आणि उजेड डोळ्यांत साठवा. मग दृश्यप्रत (म्हणजे दिसणाऱ्या तेजाचा आकडा) माहीत असलेले तारे तेवढेच फुगेपर्यंत धूसर करून तुलना करा. एक तारा उजळ, एक मंद हवाच. तारे क्षितिजापासून धूमकेतूइतक्याच उंचीवरचे निवडा, नाहीतर खालच्या हवेतली धूळ आकडा हमखास बिघडवते. नोंदीत जागतिक वेळ लिहा, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. आणि कृपा करून मध्येच बायनॉक्युलर बदलू नका, धूमकेतूच्या तेजाचा आलेख उगाच उड्या मारतो.