कोविडच्या साथीच्या काळात आजारपणाच्या रजा वाढल्या, तर कारण कसं शोधाल?

रजा वाढल्या की पहिला संशय माणसांवर जातो: 'साथीचं निमित्त करतात.' एखाददुसरा तसा असेलही, पण मस्टर, म्हणजे हजेरीपट, नीट मांडलं तर कारण बहुधा दुसरीकडेच सापडतं.

तुलना 2019 च्या त्याच महिन्याशी करा. 2020 चा आकडा धरू नका. टाळेबंदी आणि मास्कमुळे तेव्हा साधा फ्लूसुद्धा कमी झाला होता, त्यामुळे पुढचं प्रत्येक वर्ष उगाच फुगलेलं दिसतं.

मग एकूण रजादिवसांची फोड करा: किती वेळा रजा घेतली गेली आणि एका वेळची रजा किती दिवसांची होती. समजा, 50 जण आणि महिन्याचे कामाचे दिवस 22, म्हणजे 1100 मनुष्यदिवस. त्यातले 66 रजेत गेले, म्हणजे 6 टक्के. हे 66 दिवस 33 जणांच्या प्रत्येकी दोन दिवसांचे असतील, तर सौम्य ताप, लसीनंतरची कणकण किंवा घरच्यांचं आजारपण तपासा. सहा जणांच्या प्रत्येकी 11 दिवसांचे असतील, तर विलगीकरण किंवा गंभीर आजार. टक्केवारी एकच, उपाय मात्र पूर्ण वेगळे.

आता रजा सुरू झाल्याच्या तारखा विभाग आणि शिफ्टप्रमाणे लावा. एकाच शिफ्टमध्ये दर दोन-चार दिवसांनी नवा माणूस आजारी पडत असेल, तर संसर्ग कामाच्या जागीच पसरतोय अशी शंका घ्या. जेवणाची खोली, कपडे बदलण्याची जागा आणि बंद मीटिंग रूम आधी बघा. मास्क तिथेच उतरतात, हवाही तिथेच कोंडते.

नोंदीतली गफलत सगळ्यात जास्त फसवते. स्वतः ठणठणीत, पण बाधिताच्या संपर्कात आल्यामुळे घरी बसलेला माणूस पुष्कळ ठिकाणी 'आजारी' म्हणूनच लागतो. शाळा बंद म्हणून मुलांसाठी थांबलेल्या आईबापांना वेगळा कोड नसतो, तेही त्यातच जातात. चार कोड ठेवा: स्वतःचा आजार, विलगीकरण, घरच्यांची देखभाल, लसीनंतरचा त्रास. निदान विचारू नका. पाचपेक्षा कमी माणसांचा विभाग दुसऱ्यात मिसळूनच अहवालात दाखवा, नाहीतर नाव नसलं तरी माणूस ओळखू येतो.

काही वाढ हवीच असते. पूर्वी सर्दी-ताप अंगावर काढून कामावर येणारे आता घरी थांबतात, हे सूचना पाळल्याचं लक्षण आहे.

बरं होऊन परतलेला माणूस पुन्हा तुटक तुटक रजा घेऊ लागला, तर त्याला कामचुकार ठरवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार लाँग कोविडची, म्हणजे संसर्ग ओसरल्यावरही रेंगाळणाऱ्या त्रासाची, लक्षणं साधारणपणे संसर्गानंतर तीन महिन्यांनी दिसतात आणि किमान दोन महिने टिकतात. थकवा, धाप आणि विसराळूपणा ही त्यातली नेहमीची. कमी तासांनी सुरुवात करून दिली, तर असा माणूस टिकतो.

ओव्हरटाइमचा तक्ता रजेच्या तक्त्याशेजारी ठेवा. गैरहजर लोकांचं काम उरलेल्यांवर पडतं आणि पुढच्या काही आठवड्यांत तेच आजारी पडतात. ओव्हरटाइम आधी आणि रजा नंतर चढत असतील, तर बदली माणसं लगेच लावा. मानसिक ताणही इथेच डोकेदुखी, पोटदुखी, झोप न लागणं अशा नावांनी नोंदीत येतो. महासाथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्य जगभरात सुमारे 25 टक्क्यांनी वाढल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं होतं.

हे सगळं तपासण्याआधी हजेरी बोनस कापायला किंवा पहिल्याच दिवसापासून डॉक्टरांचा दाखला मागायला जाऊ नका. बोनससाठी माणसं ताप लपवून येतात, दाखल्यासाठी दवाखान्यात रांग लावतात, आणि दोन आठवड्यांत अख्खी शिफ्ट रिकामी होऊ शकते.