घरच्या घरी प्लेट रिव्हर्ब बनवताय? या चुका टाळा

प्लेट रिव्हर्ब म्हणजे ताणून टांगलेल्या पोलादी पत्र्यातून आवाज फिरवून त्याला घुमारा देणं. मागच्या मे महिन्यात गोठ्यामागच्या टिनाच्या खोलीत मी पहिली प्लेट टांगली. खंजिरी भजनाचं एक रेकॉर्डिंग त्यातून काढून पाहिलं. सकाळी आवाज असा गोल आणि भरीव, की दोनदा ऐकला. दुपारी तेच रेकॉर्डिंग लावलं तर प्रत्येक थापेमागून ‘भड्ड’. शेजारचे काका डोकावले, "काहून बे, टिन उडालं का?"

टिन जागेवरच होतं. चूक चौकटीत होती. घरात सागवानाच्या पट्ट्या पडून होत्या, म्हणून मी लाकडी चौकट केली होती. उष्णतेनं लाकूड लांबीत फारसं वाढत नाही, पोलाद वाढतं. २० अंशांचा फरक पडला की २ मीटरचा पत्रा जवळपास अर्धा मिलिमीटर लांबतो. सकाळी दिलेला ताण दुपारी ढिला, आणि पत्रा फडफडायला मोकळा. चौकट लोखंडी अँगलचीच करा, म्हणजे दोन्ही बरोबर वाढतात. वेल्डिंग मात्र आधी उरकून, चौकट पूर्ण थंड झाल्यावर चारी कोन गुण्यात आहेत का ते कर्ण मोजून पाहा. माझ्या दुसऱ्या चौकटीचे दोन कर्ण एक बोटाच्या फरकानं निघाले होते. वेल्डरला परत बोलवावं लागलं आणि चहाही पाजावा लागला.

मूळ यंत्र जर्मनीचं, ईएमटी १४०, १९५७ चं. सुमारे २ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि अर्धा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा ताणून टांगलेला. एका जागी एक्सायटरनं त्याला हलवायचं, दुसऱ्या जागी पिकअपनं कंपन पकडायचं. बाहेरच्या खोक्यासकट वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास. ते कोणी गावात आणणार नाही, पण तत्त्व सोपं आहे. पातळ पत्र्यात उंच स्वर खालच्या स्वरांपेक्षा वेगानं पळतात आणि कडांवरून पुन्हा पुन्हा परततात. म्हणून वेगवेगळे प्रतिध्वनी ऐकू न येता घुमाऱ्याची एकदम दाट शेपूट मिळते.

पत्रा घेताना

दुकानात नुसता ‘पत्रा’ मागितला तर नालीदार टिन समोर येतं. मला विचारलंच होतं, "भाऊ, शेडले लावाचा हाय का?" सपाट सीआर (कोल्ड रोल्ड) शीट मागा, २६ गेज, म्हणजे साधारण ०.४५ मिलिमीटर. ८ बाय ४ फुटांचा अख्खा पत्रा पुरतो. सगळ्यात महाग पडते ती पुढची चूक : पत्रा गुंडाळून मोटरसायकलवर आणणं. एकदा मुरड बसली की ती हातोडीनं निघत नाही, उलट तिथंच कायम चर्र वाजतं. टेम्पोत प्लायवूडवर आडवा ठेवून आणा. रंगही देऊ नका, रंगाचा थर आवाज गिळतो. पावसाळ्यात गंजाची भीती वाटत असेल तर मशीनच्या तेलाचा बोटभर कपडा फिरवा, बस.

ताण

इथं घाई केली तर बाकी सगळं व्यर्थ. कोपऱ्यात नुसतं भोक पाडून बोल्ट ओढला की इतका पातळ पत्रा फाटतो. दोन्ही बाजूंनी जाड पट्टीचे तुकडे रिबिट करा आणि मग भोक. चारही कोपरे आणि लांब बाजूंचे मध्य धरून ताणा, पण एक बोल्ट पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जाऊ नका. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात तसं सगळीकडून थोडं थोडं. प्रत्येक टोकाजवळ बोटाच्या नखानं टिचकी मारा. जिथं ‘ठब’ येतो तिथं ढिलं आहे, सगळीकडे सारखाच ‘टण्ण’ आला की थांबा.

आवाज मरेपर्यंत गोधडी टेकवणं हीही नेहमीची चूक. मूळ यंत्रात सच्छिद्र पट पत्र्याच्या जवळ-दूर सरकायचा, पण पत्र्याला लागायचा नाही. शेपूट लहान-मोठी व्हायची ती त्या अंतरानं.

पिकअप लावला आणि आवाज पातळ आला

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. २७ मिलिमीटरची पिएझो चकती (कंपनाची वीज करणारी) घेतली, चिकटवली, सरळ लाइन इनपुटला जोडली, आणि आवाज डब्यातल्या डासासारखा. दोष चकतीचा नाही. तिची कपॅसिटी साधारण २० नॅनोफॅरड असते. लाइन इनपुट १० किलोओहमचा असेल तर ८०० हर्ट्झच्या खालचं गळायला लागतं. तोच पिकअप १ मेगाओहमच्या इनपुटला द्या, म्हणजे संगणकात आवाज घेणाऱ्या ऑडिओ इंटरफेसवर गिटारसाठी असतो त्याला, आणि पेटीचा खर्ज परत येतो. चकती दुहेरी टेपनं नको, ती वरचे स्वर खाते. अॅराल्डाइटनं पक्की बसवा. एक्सायटर आणि पिकअप, दोन्ही बरोबर मध्यावर नकोत. मध्यावर काही स्वर मुळात उमटतच नाहीत.

घरघर

पत्रा हा मोठा अँटेना आहे. तो आणि चौकट अर्थिंगला जोडा. इथं विदर्भातली खास अडचण येते : उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडल्या की अर्थिंगचा खड्डाही कोरडा होतो. मी दोन बादल्या पाणी ओतलं आणि घरघर अर्ध्यावर आली. अर्थिंग नाही म्हणून न्यूट्रलला तार जोडू नका, ते जिवावर बेतेल. लोडशेडिंगमध्ये चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग केलं तर जी घाण येते, तिला इलाज लाइन येईपर्यंत थांबणं हाच.

प्लेटऐवजी स्प्रिंग टँक (पत्र्याच्या जागी स्प्रिंगांतून घुमारा देणारा डबा) घेतला असेल तर त्याचं आउटपुटचं टोक ट्रान्सफॉर्मरपासून दूर ठेवा, तिथली गुंडाळी चुंबकीय घरघर ओढते. टँकचा इनपुट ८ ओहमचा आहे की ६०० चा, तेही आधी पाहा. आणि खंजिरी त्यात पाठवू नका. प्रत्येक थापेला ‘बोइंग’ ऐकण्यापेक्षा पेटीपुरता तो ठेवलेला बरा.

पाठवताना

कोरडा, म्हणजे घुमाऱ्याविना आवाज मूळ ट्रॅकवरच राहू द्या, प्लेटमधून फक्त ओला, म्हणजे घुमाऱ्याचा आवाज परत घ्या. परतीच्या ट्रॅकचा सेंड (आवाज प्लेटकडे पाठवणारी वाट) चुकून उघडा राहिला तर शिटी वाजते. लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत आवाज प्लेटकडे पाठवण्याआधी साधारण ६०० हर्ट्झच्या खालचं आणि १० हजारांच्या वरचं कापत. भजनाला मी ३०० वर थांबतो, नाहीतर बुवांचा आवाज पोरगेला होतो.

प्लेट आणि स्पीकर एका खोलीत नकोत, कारण पत्रा कानही आहे. माझ्या पहिल्या तीन रेकॉर्डिंगांच्या शेपटीत शेजारच्या शेतातलं थ्रेशर चालू आहे. आता प्लेट धान्याच्या कोठीत, दार बंद. तिथं फक्त कबुतरं आहेत, आणि ती दुपारी झोपतात.