स्मृतिभ्रंश झालेले ज्येष्ठ घराबाहेर निघतात तेव्हा

स्मृतिभ्रंश झालेली माणसे बहुधा उगाच भटकत नाहीत. त्यांना कुठेतरी पोहोचायचे असते. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात आयुष्य काढलेले आजोबा पहाटे पाळीला निघतात, तर पंचवटीत माहेर असलेल्या आजी दिवेलागणीला ‘मला घरी जायचंय’ म्हणत दाराशी येतात. म्हणून जुनी घरे, नोकरीची जागा, नेहमीचे देऊळ आणि बसथांबा यांची यादी आजच करावी, कारण शोधाची वेळ आली तर तीच पहिली वाट दाखवते.

संध्याकाळी अस्वस्थता वाढते, तेव्हा ‘हेच तुमचं घर’ असे पटवत बसू नये. ‘चहा घेऊन निघू’ म्हणून त्यांना बसवावे आणि भूक, लघवीची घाई किंवा दुखणे आहे का, ते पाहावे. मूळ कारण पुष्कळदा तिथेच सापडते. दिवसा कुणीतरी सोबत फिरवून आणले तर रात्रीची घालमेल कमी होऊ शकते.

दाराला नजरेच्या वर जादा कडी बसवावी. आमच्याकडे पोळ्याच्या बैलाचे घुंगरू दाराला बांधले आहे. दार हलले की स्वयंपाकघरात ऐकू येते. चपला, पिशवी व किल्ल्या नजरेआड ठेवाव्यात. मात्र त्यांना एकटे ठेवून बाहेरून कुलूप कधीही लावू नये, कारण आग लागली तर त्यांना बाहेर पडता येणार नाही.

नाव-क्रमांक असलेले गळ्यातले लॉकेट काढून टाकले जाते, म्हणून सदऱ्याच्या किंवा झंपरच्या आतल्या बाजूला दोन मोबाइल क्रमांक लिहिलेली कापडी पट्टी शिवावी. रखवालदार, वाणी आणि रिक्षाथांब्यावरचे चालक यांना संकोच न करता कल्पना द्यावी. सिंहस्थाच्या गर्दीत रामकुंडावर नेणे मी टाळीनच. न्यायचेच असेल तर निघतानाच्या कपड्यांतला फोटो काढून हात धरूनच न्यावे.

माणूस दिसेनासे झाल्यास गच्ची, न्हाणीघर आणि वाहनतळ काही मिनिटांत पाहून लगेच 112 वर फोन करावा. पोलिसांकडे जायला 24 तास थांबावे लागते, हा गैरसमज आहे. एकाने घरीच थांबावे, इतरांनी गोदावरीचे घाट, कालवे आणि विहिरी आधी पाहून मग यादीतील ठिकाणे गाठावीत. सापडल्यावर रागावू नये. समोरून जाऊन नाव घेत पाणी द्यावे, आणि ते कुठे निघाले होते हे विचारून त्या यादीत लिहून ठेवावे.