एसटीचं नवं भाडं स्वतः कसं काढायचं

एसटीचं भाडं किलोमीटरवर नाही, टप्प्यावर ठरतं. एक टप्पा 6 किलोमीटरचा. 25 जानेवारी 2025 पासून 14.95 टक्के वाढ झाली आणि साध्या गाडीचा टप्पा 8.70 वरून 10.05 रुपये झाला.

अंतराला 6 ने भागा, उरलेल्या तुकड्याचा पूर्ण टप्पा धरा. म्हणजे 50 किलोमीटरला 9 टप्पे, सुमारे 90 रुपये. वर अपघात सहायता निधीचा रुपया. शिवशाहीला टप्पा 14.20 चा, म्हणून गाडीचा प्रकार आधी बघा. पाटीवरचं ‘मार्गे’ही वाचा. लांबून वळसा घेणाऱ्या गाडीचे टप्पे वाढतात, आणि भांडण मात्र कंडक्टरशी होतं!

सवलत तिकीट फाडण्याआधी सांगा. महिलांना आणि 65 ते 75 वयाच्यांना अर्धं तिकीट, 75 पूर्ण झालेल्यांना मोफत. वयाच्या सवलतीसाठी आधार कार्ड हाताशी ठेवा. गोची होते ती सीमेवर: सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच. कोल्हापूरहून बेळगावला जाताना हद्दीपलीकडचं भाडं पूर्ण द्यावं लागतं. तिकीट हातात आलं की ‘कुठून–कुठे’ आणि रक्कम तिथंच तपासा, सुट्ट्यासकट.