‘असा शब्दच नाही’ म्हणण्याआधी: नामापासून क्रियापद करताना या चुका टाळा

निफाडच्या शेतकऱ्यानं ‘रान नांगरलं, वखरलं, मग कांदा लावला’ असं लिहून पाठवावं आणि नाशिकच्या डीटीपीवाल्याच्या टेबलावर त्याचं ‘शेतात वखरणी करण्यात आली’ व्हावं, हे नेहमीचंच. सुधारणाऱ्याला वाटतं, वखर हे अवजार. त्याला ‘णे’ लावून क्रियापद कसं होईल? होतं. नांगर–नांगरणे, कुळव–कुळवणे, कोळपे–कोळपणे, खुरपे–खुरपणे. व्याकरणात यांना नामधातू म्हणतात, आणि आपली निम्मी शेती त्यांच्यावर चालते.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती हीच चूक: कानाला खटकलं की खोडायचं. एका दिवाळी अंकाच्या मुद्रितात ‘गंगेवर अंधारून आलं’ असं वाक्य होतं. नव्या मुद्रितशोधकानं ते ‘गंगेवर अंधार होऊन आला’ केलं. पुढच्याच परिच्छेदात ‘सांजावताना’चं ‘सायंकाळ होत असताना’ झालं आणि ‘पाणावलेले डोळे’ पाण्यानं भरले. लेखकानं विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘अंधार हे नाम आहे.’ आहेच! पण अंधारून येणं म्हणजे अंधार होणं नव्हे; भर दुपारी ढग दाटले तरी अंधारून येतं. तीनही शब्द कोशात सापडले असते. तेवढा कोश उघडायचाही कंटाळा, मग लाल पेन कशाला धरावं?

उलटा आळस म्हणजे कोशात नाही म्हणून शब्द बाद. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या १८५७च्या आवृत्तीत ‘नांगरणें’ आहे, ‘खर्चणें’ आहे, ‘गुगलणे’ नसणारच. खर्च, बदल, शरम हे शब्दही बाहेरूनच आले, तरी खर्चणे, बदलणे, शरमणे आज कुणाला टोचत नाहीत.

नवा शब्द तपासायचा तर चार रूपं मोठ्यानं म्हणा: खुरपतो, खुरपलं, खुरपून, खुरपायला. आता गुगलतो, गुगललं, गुगलून, गुगलायला. चालतंय. मग ‘कॉपी’ घ्या. ‘कॉपीतो’? तिथंच अडलं. नामाच्या शेवटी आ किंवा ए असेल तर तो बहुधा गळतो (फवारा–फवारणे, कोळपे–कोळपणे). ई असेल तर मध्ये काहीतरी घालावं लागतं, जसं पाणी–पाणावणे. ‘कॉपावणे’ कुणी म्हणणार नाही, तेव्हा सरळ ‘कॉपी करणे’ लिहा. ‘करणे’ जोडण्यात कमीपणा नाही. रूपं न काढताच फेसबुकवर ‘फॉरवर्डणे’ रुजवायला निघालेल्या उत्साही मंडळींनी हे आधी करावं.

कर्म बघा. ‘मी गुगललो’ असं सर्रास लिहितात, म्हणजे जणू स्वतःच कुठेतरी घसरून पडलात. पत्ता शोधला असेल तर ‘मी पत्ता गुगलला’. याउलट पाणावणे, आळसावणे, डोकावणे ही अकर्मक: डोळे पाणावतात, बातमी त्यांना ‘पाणावत’ नाही.

‘-आड’, ‘-आळ’ हे प्रत्यय शोभेचे नाहीत, त्यांनी अर्थ बदलतो. दाराला लाथ मारतात, नोकरी लाथाडतात. यंत्राला हात लावू नका ही तंबी. यंत्र हाताळता येणं ही पात्रता.

सोसायटीच्या फलकावर ‘थकबाकीदारांना नोटीशित करण्यात येईल’ असं लिहू नका. ‘-इत’ संस्कृत शब्दांना शोभतो: सूचित, चित्रित. नोटीस बजावतात.

‘स्वीकारला’ हे क्रियापद तयार असताना ‘स्वीकार करण्यात आला’ कशासाठी?

गुगलणे व्हॉट्सॲपवर, गप्पांत, लेखात खुशाल वापरा. महापालिकेला अर्ज करताना ‘इंटरनेटवर शोधले’ लिहा, कारण तिथे वाचणारा शब्दावर अडला की अर्जही अडतो.

आणि फूल, धूर दीर्घ असले तरी फुलणे, धुरकटणे ऱ्हस्वच.