१६ टेबीबाइटपुढे मोडणारं रीसाइझ दुरुस्त करताना

फाइलसिस्टिम वाढवली, टूलने चकार शब्द काढला नाही, आणि माउंट करायला गेलो तर सुपरब्लॉकच (फाइलसिस्टिमची मूळ माहिती ठेवणारी नोंद) सापडेना. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइलसिस्टिम वाढवणाऱ्या आमच्या टूलमध्ये हे घडलं तेव्हा आकार १५ टेबीबाइटवरून १७ वर नेला होता. ३२ बिटांपुढचे ब्लॉक क्रमांक चालवणारं ६४बिट फीचर चालू होतं. अशा वेळी डिस्कला दोष देण्याआधी कागदावर गुणाकार करून बघा.

ब्लॉक, म्हणजे जागेचा एक तुकडा, ४ केबीचा असेल तर एका ग्रुपमध्ये (ब्लॉकच्या गटात) सहसा ३२,७६८ ब्लॉक. १६ टेबीबाइट भरायला १,३१,०७२ ग्रुप लागतात. मोजणी शून्यापासून, म्हणून त्यापुढच्या ग्रुपचा क्रमांकही १,३१,०७२. त्याचा पहिला ब्लॉक कुठला? गुणाकार येतो ४,२९,४९,६७,२९६, आणि ३२ बिटांत त्याचा उरतो शून्य! नव्या ग्रुपचा बिटमॅप (कुठले ब्लॉक भरलेत याची नोंद) शून्य क्रमांकाच्या ब्लॉकवर जाऊन बसतो, जिथे मुख्य सुपरब्लॉक आहे. पुढचा ग्रुप ३२,७६८ वर, म्हणजे पहिल्या बॅकअप प्रतीवर. मूळ आणि प्रत दोन्ही गेल्या.

कोडमध्ये 'ग्रुप गुणिले ब्लॉक-पर-ग्रुप' अशी प्रत्येक ओळ शोधा. डावीकडचं व्हेरिएबल ६४ बिटांचं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सी भाषेत गुणाकार ३२ बिटांतच उरकतो, रुंदी नंतर मिळते. गुणाकाराआधीच एका संख्येला ६४ बिटांत कास्ट करा, म्हणजे तिचा प्रकार बदला. उत्तराला कंस घालून कास्ट केलंत तर उपयोग शून्य, तोवर वरचे बिट गेलेले असतात. डावीकडे शिफ्ट करणाऱ्या ओळींनाही हाच नियम. कंपायलरची 'डब्ल्यू-कन्व्हर्जन' वॉर्निंग हे पकडत नाही. कोड तपासणाऱ्या क्लँग-टायडीमध्ये गुणाकारासाठी वेगळी तपासणी आहे, ती लावा.

लॉगही तपासा. ब्लॉक क्रमांक 'पर्सेंट-यू'ने (सीमधल्या ३२ बिटी छपाईच्या खुणेने) छापला तर तोही कापलेलाच दिसतो. माझा एक अख्खा दिवस त्यात गेला.

चाचणीला खरी डिस्क नको. ट्रंकेट कमांडने २० टेबीबाइटची स्पार्स फाइल बनवा, म्हणजे दिसायला मोठी पण डिस्कवर तेवढी जागा न घेणारी. ती एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमवर ठेवा, कारण ४ केबी ब्लॉकच्या ईएक्सटी४वर एक फाइल १६ टेबीबाइटच्या पुढे जात नाही. फाइलमध्ये १५ टेबीबाइटची फाइलसिस्टिम बनवा, १७ वर न्या, मग फाइलसिस्टिम तपासणारं ई२एफएससीके 'एफ' (सक्तीने तपास) आणि 'एन' (काही बदलू नको) पर्याय देऊन चालवा. एकही तक्रार येता कामा नये. तीच फाइल परत १५ वर आणून पुन्हा तपासा. आमच्याकडे लहान करतानाच्या कोडमध्ये तोच गुणाकार दुसऱ्यांदा लिहिलेला निघाला.